कोतवाल बुकातला मुलगा

जुना कागद मागायला सरकारी कचेरीत जायचं असेल, तर आधी आपल्या गावाचा इतिहास पाठ करून जावं. गाव कुठलं एवढं सांगून भागत नाही. ते गाव त्या सालात कुठल्या तालुक्यात होतं, तो तालुका कुठल्या जिल्ह्यात होता आणि तिथलं दप्तर पुढं कुणाच्या वाटणीला गेलं, हे आपल्याला माहीत असावं लागतं. खिडकीमागच्या माणसाला ते माहीत नसतं आणि माहीत करून घ्यायची त्याला गरजही नसते. हे शहाणपण मला चौथ्या कचेरीत आलं. तोवर हातातल्या एका महिन्यातले सतरा दिवस संपले होते.

बहात्तरच्या मोठ्या दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. आमचं गाव कवठे महांकाळजवळ, सगळं कोरडवाहू. वडील जाऊन चार वर्षं झाली होती. आई आणि माझ्या दोघी धाकट्या बहिणी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. मी मॅट्रिक झालेला, म्हणून मला त्याच कामावर हजेरी लिहायला घेतलं होतं. बाया उन्हात दगड फोडायच्या आणि मी झाडाखाली बसून त्यांची नावं लिहायचो, त्यात माझी आईही असायची. पण ते काम पावसापुरतं होतं. पाऊस लागला की दुष्काळी कामं बंद, आणि माझी हजेरीवहीही बंद. सगळा मुलूख आभाळाकडं बघून पाऊस मागत होता आणि मी मनातल्या मनात म्हणायचो, थांब, अजून महिनाभर थांब. हे मी तेव्हा कुणाला बोललो नाही.

महिनाभर एवढ्यासाठी, की कोयनानगरला एका सरकारी खात्यात कायम कारकुनाची जागा निघाली होती आणि मला तिचं बोलावणं आलं होतं. मुलाखत साताऱ्यात झाली. साहेबांनी माझं अक्षर बघितलं, दोन बेरजा घातल्या आणि मान हलवली. मग त्यांनी शाळेचा दाखला हातात घेतला. अट अशी होती, की उमेदवाराचं वय पंचवीसच्या आत पाहिजे. मी अर्जात खरं वय लिहिलं होतं, म्हणजे आई सांगायची ते. दाखल्यात मी त्याहून दोन वर्षांनी मोठा होतो.

त्याला कारण माझे हात. आमच्याकडं पोर शाळेत घालायचं तर गुरुजी त्याला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचे. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं. माझे हात लहानपणापासून लांब. चौथ्या वर्षीच माझा कान धरून झाला. गुरुजींनी वहीत सहा वर्षं लिहिली आणि जन्मतारीख घातली एक जून. आमच्या वर्गातली जवळजवळ सगळीच पोरं एक जूनला जन्मलेली होती.

साहेब माणूस वाईट नव्हता. म्हणाला, जन्माच्या मूळ नोंदीची नक्कल आणा, महिन्याच्या आत. ती आली तर जागा तुमची, नाही तर खालच्या उमेदवाराला देतो. खालचा उमेदवार बाहेर बाकावरच बसला होता. इस्त्रीचा सदरा घातला होता त्यानं. मी बाहेर आलो तेव्हा त्यानं मला पाणी पाहिजे का विचारलं, आणि मला त्याचा इतका राग आला की मी नको म्हणून तसाच तहानलेला एसटीत बसलो.

आमच्या भागात जन्म आणि मरणं लिहायची जी वही असे तिला कोतवाल बुक म्हणत. कोतवाल म्हणजे गावकामगार. घरोघर फिरून कुणाकडं काय झालं ते तो कानावर घ्यायचा, पाटलाला सांगायचा आणि ते वहीत चढायचं. वही पुढं तालुक्याला जायची. म्हणून मी आधी कवठे महांकाळला गेलो. तिथला कारकून म्हणाला, हा तालुकाच मुळी काल-परवा झालाय, तुमचं गाव तेव्हा तासगावात होतं. तासगावला गेलो. तिथं दोन दिवस बसवून ठेवलं आणि सांगितलं, त्या वेळी सगळा सातारा जिल्हा होता, एवढी जुनी दप्तरं साताऱ्याला. मुलाखतीला ज्या साताऱ्याला जाऊन आलो होतो तिथंच पुन्हा गेलो. तिथल्या माणसानं माझा अर्ज वाचलासुद्धा नाही. सांगलीचा जिल्हा वेगळा झाला तेव्हा तिकडच्या गावांचे कागद गाड्या भरून तिकडं पाठवले, म्हणाला, सांगलीला जावा.

साताऱ्याच्या कचेरीच्या आवारात एक म्हातारा टेबल टाकून अर्ज लिहायचा. परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून मी त्याच्यापुढं बसलो आणि माझा अर्ज त्याला दाखवला. ‘माझ्या जन्माची नोंद मिळावी’ असं मी लिहिलं होतं. तो बराच वेळ हसला. म्हणाला, तुम्ही तेव्हा होता कुठं? त्या वहीत पोराचं नाव नसतं. बापाचं नाव, आईचं नाव, मुलगा का मुलगी, जिवंत का मेलेलं, एवढंच. अमक्या गावी, अमक्याच्या पोटी, अमक्या महिन्यांच्या दरम्यान झालेल्या मुलाची नोंद शोधून नक्कल मिळावी, असं मागा. आणि महिना एकच लिहू नका, पुढचे-मागचे दोन दोन लिहा, कारण कोतवाल सवड मिळेल तेव्हा सांगायचे. मग त्यानंच कोऱ्या कागदावर सुंदर अक्षरात अर्ज लिहून दिला आणि कोर्ट फीचं तिकीट कुठं चिकटवायचं तेही दाखवलं. तीन कचेऱ्यांत मला जे कुणी सांगितलं नाही ते त्यानं पाव तासात सांगितलं.

साल आईला पक्कं ठाऊक होतं. गांधींचा खून झाल्यावर आमच्याकडं गावोगाव घरं जळाली, त्या सालाला लोक जळिताचं साल म्हणत. मी त्या सालातला, बेंदराच्या आदल्या दिवसाचा. बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावायचं काम अर्धं टाकून वडील सुईणीला आणायला पळाले होते, हे मी शंभरदा ऐकलं होतं.

सांगलीचं रेकॉर्ड म्हणजे एक लांब, उंच, अंधारी खोली. भिंतींना लाकडी मांडण्या आणि त्यांवर छतापर्यंत रुमाल. रुमाल म्हणजे कापडात बांधलेली कागदांची गाठोडी. कापड मूळचं लाल असावं. रेकॉर्ड सांभाळणारे गृहस्थ निवृत्तीला आलेले होते आणि धुळीपायी नाकावर उपरणं बांधूनच बोलायचे. त्यांनी अर्ज वाचला, अक्षराकडं बघून कुणी लिहिला विचारलं आणि मला तीन दिवसांनी बोलावलं. मी म्हणालो, मी इथंच बसतो. ते म्हणाले, बसा. मी तीन दिवस त्या व्हरांड्यात बसलो आणि स्टँडवर झोपलो.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला आत घेतलं. वही हातात देणार नाही, मी वाचतो, तुम्ही ऐका, असं बजावलं. कडा कसरीनं खाल्लेल्या होत्या. बेंदराच्या आधीचे दोन महिने आणि नंतरचे दोन महिने त्यांनी सावकाश वाचले. गाव लहान, नोंदी थोड्या. अमक्याला मुलगी. अमक्याला मुलगी, मयत. अमक्याला मुलगा, पण तो मला ठाऊक होता, माझ्याच आळीतला. बेंदराच्या आदल्या दिवशी एकच नोंद होती. मुलगा, जिवंत. बाप म्हणून कोतवालाचं नाव होतं आणि आई म्हणून कोतवालाच्या बायकोचं. वडिलांच्या नावापुढं त्या सबंध सालात काही नव्हतं.

मी म्हणालो, हे चुकलंय. कोतवालाला मूल नव्हतं. कोतवालिणीला मूलच झालं नाही, हे आमच्या सगळ्या गावाला ठाऊक आहे. त्यांनी चष्मा कपाळावर घेतला आणि म्हणाले, वहीत तर आहे. आणि ते असं म्हणत असतानाच कोतवालिणीचं आणि माझं नातं काय ते मला आठवलं.

माझ्याआधी आईचे दोन मुलगे गेले होते. एक बाराव्या दिवशी, एक चौथ्या महिन्यात. अशा घरात पुढचं पोर झालं की ते आपलं ठेवायचं नाही, अशी आमच्याकडं रीत होती. सुपात घालून दुसऱ्या बाईच्या पदरात टाकायचं, म्हणजे ते तिचं झालं. मग सूपभर कोंडा देऊन तिच्याकडून विकत आणायचं. मरण आपल्या घरी आलं तरी त्याला आपलं पोर सापडत नाही, परक्याचं सापडतं. मला असं कोतवालिणीला विकलेलं होतं. शाळेत पोरं मला कोंडा म्हणून चिडवायची आणि मी मारामाऱ्या करायचो. दर वर्षी बेंदराच्या सुमाराला कोतवालीण यायची, अंगणात उभी राहायची, आई तिच्या सुपात वरून कोंडा आणि खण टाकायची आणि मला तिच्या पाया पडायला लावायची. मला जिच्या पदरात टाकलं होतं तिला आमच्या उंबऱ्याच्या आत येऊ देत नव्हते, हे त्या वयात मला विचित्र वाटलं नाही. छप्पन साली कोतवालाच्या वस्तीनं बौद्ध धर्म घेतला, गावकीची कामं सोडली, आणि कोतवालीणही सूप घ्यायला यायची बंद झाली. पुढं कोतवाल वारला आणि ती भाच्याकडं सांगलीला गेली.

हे सगळं मला माहीत होतं. सरकारच्या वहीतही मला विकलंय, हे माहीत नव्हतं.

गावी आलो आणि चप्पल काढायच्या आत आईला विचारलं. ती भाकरी थापत होती. तिनं नाही म्हटलं नाही. आधीचे दोन्ही मुलगे झाले तेव्हा कोतवाल दारात येऊन विचारून गेला होता आणि दोघांचीही नोंद वहीत लागली होती. दोघंही गेले. दुसरा गेला तेव्हा आईच्या मनानं घेतलं की पोर वहीत गेलं की जातं. मला सुपातून नेऊन आणलं त्याच संध्याकाळी वडील कोतवालाला भेटले आणि म्हणाले, एवढं कर, हा आमच्या नावावर लावू नको. कोतवालानं विचारलं, मग कुणाच्या लावू? मग तोच म्हणाला, विकलाय तिच्याच लावतो. आई हे सगळं शांतपणे सांगत होती, रात्री दार नीट लावून घेतलं होतं असं सांगावं तसं. ‘तू जगलास न्हवं?’ एवढंच तिनं शेवटी विचारलं.

मी ओरडलो. मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. अडाणी म्हणालो, पुष्कळ काही म्हणालो. बहिणी परड्यात निघून गेल्या. खडी फोडून आईच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या आणि त्यांना पीठ लागलं होतं, तरी मी ओरडत होतो. माझ्याकडं नऊ दिवस उरले होते.

रेकॉर्डच्या गृहस्थांनी वाट सांगितली होती. नोंद बदलायला तालुक्याला चौकशी लागते. दोन्ही बाप हयात नाहीत, तेव्हा दोन्ही बायांचे जबाब पाहिजेत. एकीनं म्हटलं पाहिजे, हा माझा. दुसरीनं म्हटलं पाहिजे, हा माझा नाही. मग मामलेदाराचा हुकूम सांगलीला येईल आणि इथली वही दुरुस्त होईल. आई म्हणाली, अंगठा देईन, पण तोंडानं म्हणणार नाही. तोंडानं म्हणायचं असेल तर आधी कोतवालिणीनं कोंडा घेतला पाहिजे. तू अजून तिचाच आहेस, कागदावर. मी नुसतं माझा म्हटलं तर तुझं काही बरं होणार नाही. चोवीस वर्षांचा मॅट्रिक झालेला मी, आणि आई माझ्या मरणाविषयी असं बोलत होती की मलाही क्षणभर भीती वाटली.

कोतवालीण सांगलीत हळदीच्या एका वखारीत हळद निवडायला जायची. वखार शोधायला अर्धा दिवस गेला. बायांची रांग जमिनीवर बसून बोटांनी हळकुंडं चाळत होती आणि सगळ्यांचे हात कोपरापर्यंत पिवळे होते. मी मुकादमाला सांगून तिला बाहेर बोलावलं. तिनं मला लगेच ओळखलं नाही. मी गावाचं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं. तिला मी मावशी म्हणालो. लहानपणी मला तिला आय म्हणायला शिकवलं होतं, पण ते आता तोंडातून निघालं नाही.

मी सगळी हकीकत सांगितली, नोकरीची, वयाची, वहीची. चार कचेऱ्यांत हात जोडून झाले होते, आणि या बाईनं नाही म्हटलं तर पुढं कुठं जायचं मला ठाऊक नव्हतं. माझं संपल्यावर बराच वेळ ती हाताची हळद लुगड्याला पुसत राहिली. मग म्हणाली, परवा सुट्टी मागते, येते.

ती आली. सकाळच्या एसटीनं एकटी आली, पांढरं धुवट लुगडं नेसून. कवठ्याच्या कचेरीच्या आवारात आई आधीच बसलेली होती आणि तिच्या पदराला गाठ होती. मला वाटलं भाकरी असेल. अव्वल कारकुनानं सांगितलं होतं की साहेब दुपारी फिरतीवर जाणार आहेत, त्याआधी जबाब झाले तर झाले, नाही तर पुढच्या सोमवारी. सोमवारी माझा महिना संपत होता.

आईनं गाठ सोडली. कोंडा होता. ती उठून कोतवालिणीपुढं गेली आणि म्हणाली, ‘एवडा घे, बाय. मग मी काय म्हनायचं ते म्हंते.’

कोतवालिणीनं हात मागं घेतला. म्हणाली, ‘आक्का, ते आमी सोडलं. मी सूप न्हाई घेत आता, कोंडाबी न्हाई घेत.’

आई तिथंच उभी राहिली, ओंजळ पुढं करून. वाऱ्यानं कोंडा उडत होता. ती पुन्हा पुन्हा एकच म्हणत राहिली की पोराच्या जिवाची गोष्ट आहे. मी आधी आईला ओढलं, मग कोतवालिणीला हात जोडले. म्हणालो, मावशी, नुसतं हातात घ्या, मागं फिरून टाकून द्या. मला काहीच दिसत नव्हतं, नोकरीशिवाय. साहेबाची जीप कचेरीसमोर येऊन थांबली होती आणि ड्रायव्हर काच पुसत होता.

कोतवालीण माझ्याकडं बघत नव्हती, आईकडं बघत होती. तिचा आवाज चढला नाही. ती म्हणाली, ‘तवा घेतला, कारन ल्योक परत द्यायचा हुता. आता घ्यायचंच आसंल तर मी ल्योक घीन, आक्का. कोंडा न्हाई घ्यायची.’

आईची ओंजळ खाली आली. कोतवालीण आमच्यापुढून निघाली, कचेरीच्या पायऱ्या चढली आणि कारकुनाच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. कारकुनानं नाव विचारलं, नवऱ्याचं नाव विचारलं, मूलबाळ विचारलं. न्हाई, म्हणाली. मग त्यानं माझ्याकडं बोट करून विचारलं, हा तुमच्या पोटचा का. तो तेव्हा पेन झटकत होता, त्याला घाई होती.

‘न्हाई. ह्यो माजा न्हाई,’ ती म्हणाली.

अंगठा लावताना तिच्या बोटावर शाईखाली हळद होती. नंतर आईला बोलावलं. कारकून तिचा जबाब वाचत होता तोवर आईनं दोन्ही कानांवर पदर गच्च धरून ठेवला होता आणि वाचून झाल्यावर तिनं अंगठा दिला. तोंडानं ती काही बोलली नाही, पण कारकुनाला त्याचं काही नव्हतं, त्याला अंगठा पाहिजे होता. साहेबांनी जीपमध्ये बसता बसता सही केली. कोतवालीण स्टँडकडं निघाली तेव्हा मी मागं गेलो. तिनं तिकिटाला पैसे घेतले नाहीत. कागद झाला की मला दाव, एवढंच म्हणाली आणि गाडीत चढली. आई तोवर जमिनीवर सांडलेला कोंडा गोळा करत बसली होती.

मामलेदाराचा हुकूम मी स्वतः हातात घेऊन सांगलीला गेलो, कारण टपालावर सोडला असता तर मी म्हातारा झालो असतो. रेकॉर्डच्या गृहस्थांनी माझ्यासमोर वही काढली. तांबडी शाई घेतली, पट्टी ठेवली आणि बापाच्या आणि आईच्या नावांवरून एक रेघ ओढली. वर बारीक अक्षरात माझ्या वडिलांचं आणि आईचं नाव लिहिलं, शेऱ्याच्या रकान्यात हुकुमाचा हवाला दिला. मग नक्कल उतरवायला घेतली. खोडलेलंसुद्धा त्यांनी तसंच उतरवलं आणि त्यावरून तशीच तांबडी रेघ ओढली. मी म्हणालो, खोडलेलं कशाला लिहिता, नुसतं दुरुस्त केलेलं द्या की. ते चिडले. नक्कल म्हणजे नक्कल, म्हणाले, वहीत जे दिसतं ते सगळं.

त्या कागदावर मला नोकरी मिळाली. पुढं कोयनेच्या त्या थंड, ओल्या घाटात माझी सगळी उमर गेली, बहिणींची लग्नं झाली, आई माझ्यापाशी राहून म्हातारी होऊन गेली. पण त्या दिवशी यातलं काही झालेलं नव्हतं. साताऱ्याची गाडी दोन तासांनी होती आणि मला फक्त एवढं आठवलं की एक कागद दाखवायचा आहे. खरं सांगायचं तर मी आनंदात होतो. वाटेत पावशेर पेढे घेतले.

वखारीत जेवणाची सुट्टी झाली होती. कोतवालीण दाराशी पोत्याला टेकून बसली होती, पुढ्यात भाकरी. पेढ्यांचा पुडा तिनं घेतला आणि बाजूला ठेवला. हात पिवळे म्हणून कागदाला हात लावला नाही. मला म्हणाली, तूच धर माझ्यापुढं. तिला वाचता येत नव्हतं. कागदाकडं ती खूप वेळ बघत राहिली.

‘माजं कुटं हुतं?’

मी बोट ठेवलं.

‘वरनं रेघ वडलीया.’

मी हो म्हणालो.

‘आजून वाचता येतंय का?’

येत होतं. मी तिच्या नवऱ्याचं नाव वाचलं, मग तिचं नाव वाचलं. पुढचे दोन शब्द रेघेच्या बाहेर होते, तेही वाचले, मुलगा, जिवंत. बाकीच्या बाया पलीकडं जेवत होत्या. ती भाकरीचा तुकडा मोडत होती आणि खात नव्हती. मग ती माझ्याशी बोलली, पण माझ्याकडं न बघता, आणि फार सावकाश. तिनं सांगितलं की कोतवाल त्या दिवशी पाटलाच्या वाड्यावरून आला तो हसत आला. तिला म्हणाला, सरकारात तुझ्या नावावर लेक लागलाय. त्यानंतर किती वर्षं गेली. गावात तिला ओटी भरायला कुणी बोलवायचं नाही, पाळण्याजवळ उभं राहू द्यायचं नाही, नदीवर बाया तोंडावर वांझ म्हणायच्या.

‘मी काय बोलायची न्हाई,’ ती म्हणाली. ‘मनात म्हनायची, जावा, वही बगा जावा.’

महिनाभर मी चार कचेऱ्यांत हात जोडत हिंडलो होतो आणि शेवटी मागून घेतलं होतं ते हे. माफी मागावी असं वाटलं, पण नोकरी नको म्हणायची माझी तयारी नव्हती, मग माफी कसली मागणार.

‘आजून एकदा वाच,’ ती म्हणाली.

मी रेघेखालची दोन्ही नावं वाचली. मुलगा, वाचलं. जिवंत, वाचलं. मग आत घंटा झाली आणि ती उठून हळद निवडायला गेली.